आगटीभोवतीचं बोलणं

पौष लागला की सोलापुरात सात रस्त्याच्या कोपऱ्यावर हुरड्याची कणसं घेऊन बायका बसतात. कणसं हिरवी, ओलसर. आजूबाजूला धूर असतो तो रिक्षांचा आणि बसचा, पण माझ्या नाकाला तेव्हापासून गोवऱ्यांचाच धूर यायला लागतो. मंगल, माझी बायको, म्हणते, एकदा नाक तपासून घ्या. मी तिला सांगत नाही, की मी तात्यांच्या फोनची वाट बघत असतो. तो येतोच. "सायेब, हुरडा आलाय. कवा येताय?" एवढंच बोलतात आणि ठेवून देतात. उजनी धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं गाव आहे. नोकरीत असताना आणि नंतरही, दर हिवाळ्यात मी त्यांच्या आगटीला जाऊन बसत आलो आहे. यंदा फोन आला तेव्हा मात्र मी लगेच येतो म्हणालो नाही. बघतो म्हणालो.

माझी सगळी नोकरी गुप्तवार्तेत गेली. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. त्याच्या डोळ्यांपुढे काय काय येत असेल ते मला कळतं आणि त्याची निराशा करायला जिवावर येतं. प्रत्यक्षात माझं अर्धं आयुष्य चहाच्या टपऱ्यांवर गेलं आणि उरलेलं बाजार समितीच्या कट्ट्यावर. कुठं काय शिजतंय ते आधी कळलं पाहिजे आणि वर कळवलं पाहिजे, एवढंच काम. मोर्चा निघणार का, निघाला तर किती तापेल, कोण शेवटपर्यंत उभा राहील आणि कोण चहा प्यायच्या निमित्ताने सटकेल. नातेपुत्याच्या बाजारात शेरडांचा भाव विचारत हिंडायचं आणि भलतंच काही ऐकून परत यायचं. त्या नादात शेरडांतलंही बरंच कळायला लागलं.

निवृत्त झाल्यावर सात रस्त्याजवळ एक खोली घेतली. खाली चादरींचं दुकान, वर मी. दारावर पाटी लावली: प्रादेशिक घडामोडी सल्लागार. पाटी लागली त्याच आठवड्यात खालचे दुकानदार व्यंकटेश जिना चढून वर आले आणि यंदा पाऊस कसा आहे म्हणून विचारू लागले. प्रादेशिक म्हटल्यावर हे हवामानाचं काम असणार, अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, तसंच काहीसं समजा. ते फारसं खोटंही नव्हतं. जिल्ह्यात एखादी कंपनी यायची असली की ती मला विचारते, तिकडचं वातावरण कसं आहे. मी दोन फेऱ्या मारतो, चार ठिकाणी चहा घेतो आणि लिहून देतो.

काम तेच आहे, फक्त 'वर' बदललं आहे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरी मी त्यावर कधी नीट विचार केला नव्हता. साठी उलटलेला माणूस आपल्याला जे येतं ते करत राहतो. मला ऐकता येतं. दुसरं काही येत नाही.

हे ऐकणं एकदा अंगात भिनलं की सुटत नाही. लग्नात जेवायला बसलो तरी मी भिंतीकडे पाठ करून बसतो. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या गाडीतून कोण उतरलं, नवऱ्या मुलाचा मामा आहेर देताना का घुटमळला, हे सगळं नको असताना आत जातं. मंगल एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही लग्नाला आलाय की बंदोबस्ताला?" मी हसलो, पण ते मनाला लागलं. माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नातला तिचा चेहरा मला आठवत नाही, मांडवाची मागची वाट कुठं होती ते आठवतं. थकवा येतो तो ह्याचा. पाय दुखले तर तेल लावता येतं. कानांना काय लावायचं?

आगटीला मात्र हा थकवा जरा विसरायला होतो. जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, निखाऱ्यांत खुपसलेली कणसं. कणीस भाजलं की चटका सोसत ते तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि दाणे समोरच्या तरटावर टाकायचे. बाजूला शेंगाचटणी, दही, गुळाचा खडा. सगळ्यांचे हात काळे झालेले असतात, त्यामुळे कुणी फोन काढत नाही. सगळ्यांच्या नजरा हातातल्या कणसावर असतात, त्यामुळे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. माणूस खरं बोलतो ते अशाच वेळी, हात गुंतलेले आणि नजर खाली असताना. आमच्या खात्यात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी ते तात्यांच्या आगटीवर शिकलो.

त्यात एक हिवाळा मला सगळ्यांत जास्त आठवतो. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धरण भरलंच नव्हतं. भर पावसाळ्यातच पाणी इतकं मागे होतं, की तात्यांच्या वडिलांचं जुनं वावर उघडं पडलं. धरण झाल्यापासून ते पाण्याखाली होतं. बांधाचे दगड तसेच, विहिरीचा काठ तसाच, फक्त सगळ्यावर गाळ. तात्यांनी त्या गाळात ज्वारी पेरली. ती माणसाच्या डोक्यावर गेली. त्या वर्षीचा हुरडा त्यांच्या बापाच्या वावराचा होता. मी पोचलो तेव्हा पहिलं कणीस तात्यांनी विहिरीच्या काठावर ठेवलं, मग माझ्या हातात दुसरं दिलं. त्या हुरड्याची गोडी मला पुन्हा कधी लागली नाही. ती गाळाची होती की त्या दिवसाची, ते सांगता येणार नाही.

पण मी तिथं गोडीसाठी गेलो नव्हतो. धरणातलं पाणी सोलापूरला पिण्यासाठी राखायचं होतं, म्हणून काठच्या गावांच्या मोटारींची वीज तोडली होती. माझ्या स्वतःच्या घरच्या नळाला तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि तेच पाणी ह्यांच्या उसाला मिळू नये म्हणून वीज बंद होती. गावानं उघड जाहीर केलं होतं की सबस्टेशनला टाळं ठोकणार. वरून मला विचारणा होती, हे लोक खरंच टाळं ठोकतील का, आणि कशानं शांत होतील.

आगटीला तात्या होते, त्यांची बायको मालनवहिनी होत्या आणि शेजारचे निवृत्ती होते. कणसं चोळता चोळता वहिनी म्हणाल्या, "ऊस गेला तर जाऊ द्या, जनावराच्या कडवळापुरती तरी लाइट द्या म्हणावं." मी मान हलवली. थोड्या वेळानं दह्याचं भांडं पुढे सरकवत निवृत्ती म्हणाले, "उसाचं काय न्हाय सायेब. कडवळापुरती लाइट दिली तरी लोकं गप बसत्याल." आणि मी निघताना तात्या बांधावर थांबून म्हणाले, "ऊस काय, पुडच्या साली बी येतोय. कडवळ तेवढं जगलं पायजे."

तीन तोंडांतून एकच गोष्ट आली, की आमच्या धंद्यातला माणूस सावध होतो. ती ठरवून सांगितलेली असते. परतताना मला हसू आलं आणि मग हसू गेलं. ही माणसं मी यायच्या आधी एकत्र बसली होती. कुणी कधी काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं होतं. मी कोण, कुठून येतो, माझ्या कानात पडलेलं कुठं जातं, हे त्यांना नीट माहीत होतं. मी त्यांच्याकडे बातमी काढायला जात होतो आणि ते मला टपालाच्या पेटीसारखं वापरत होते. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट एवढं बरं वाटलं, की त्या रात्री मला छान झोप लागली.

मी तसंच कळवलं. असे समजते की गाव पूर्ण पुरवठ्याचा आग्रह धरणार नाही, चाऱ्यापुरती वीज मिळाल्यास आंदोलन टळेल. काही दिवसांनी सकाळच्या वेळी थोडी वीज सुरू झाली. ती माझ्या अहवालामुळे झाली, की कुणा पुढाऱ्यामुळे, की आपोआप, हे मला आजही माहीत नाही. वर गेलेल्या कागदाचं काय होतं ते खाली कुणी सांगत नाही. तात्यांना मात्र शंका नव्हती. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी विजेचा विषयसुद्धा काढला नाही, फक्त माझ्या पिशवीत जरा जास्त कणसं भरली.

तेव्हापासून दर वर्षी आगटीवर एक ठरलेलं वाक्य असायचं. कधी रस्त्याचं, कधी मासेमारीच्या ठेक्याचं. मी ते ओळखायचो आणि न ओळखल्यासारखं करायचो. निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की आता मी खात्यात नाही. तात्या कणीस फिरवत म्हणाले, "व्हय व्हय." पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं. तेव्हा निवृत्ती डोळे बारीक करून हसले. "सायेब, तुमच्या खात्यातला मानूस कुटं रिटायर होतोय व्हय? तसं सांगायची पद्धत असंल तुमची." एकदा तात्या दवाखान्याच्या कामासाठी सोलापूरला आले, तेव्हा माझी खोली बघून गेले. जिना उतरताना हळूच म्हणाले, "पाटी लई झाक लावलीया. कुनाला वळकू यायचं न्हाय."

मी किती वेळा सांगणार? आयुष्यभर मी कोण आहे ते लपवलं, तेव्हा सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. आता खरं सांगत होतो, तर कुणाचा विश्वास बसत नव्हता. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडं सुख होतं. अजून कुणाला तरी वाटत होतं, की माझ्या कानात पडलेलं वाया जात नाही.

यंदा तात्यांचा फोन यायच्या आदल्या दिवशी अनघाचा फोन आला होता. ती एका कंपनीत काम करते. हुशार मुलगी, बोलायला गोड. कंपनीला उजनीच्या पाण्यावर सोलरच्या प्लेटा तरंगवायच्या आहेत आणि त्यासाठी लागणाऱ्या काठात तात्यांचं गाव येतं. गावानं ठराव केलाय, एकही प्लेट पाण्यात पडू देणार नाही. वेशीवर तसा फलक लागलाय. अनघा म्हणाली, "सर, ते रद्दच करा म्हणतायत. पण प्रत्यक्षात ते कुठं थांबतील? तेवढं कळलं तर आम्हाला बोलणी सोपी जातील." मी म्हटलं, सांगतो. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. हे उत्तर मला फार चांगलं देता येतं.

तरी मी गेलो. नुसता हुरडा खाऊन यायचं, असं स्वतःला बजावून गेलो. टेंभुर्णी सोडून आत वळलो, तर दोन्ही बाजूंना ऊस, केळी, उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलेल्या मोटरसायकली. यंदा धरण काठोकाठ भरलेलं. जुनं वावर कुठं आहे ते कळणारही नाही इतकं पाणी. काठाला मोटारींचे पाइप पाण्यात उतरलेले, आणि दूर पाण्यात पक्षी बघायला आलेल्यांची एक होडी. तात्या आता काठी घेऊन चालतात. वरच्या रानात आगटी पेटवली होती. मालनवहिनींनी तरट झटकलं. निवृत्ती होतेच.

पहिलं कणीस चोळून झालं. दुसऱ्याला वहिनी म्हणाल्या, "पान्याकडं जायची वाट तेवडी सोडा म्हणावं. आन् पानी सरल्यावर गाळ पेरू द्या. बाकी काय का करंनात." माझे हात चोळायचे थांबले नाहीत. मी मनात म्हटलं, हे एकदाच बोललं गेलं असू दे. मी स्वतःच वाक्याची मोजदाद करतोय हे मला कळत होतं. निवृत्तींनी गुळाचा खडा फोडला आणि म्हणाले, "वाट आन् गाळ. येवडं दिलं तर कोन कशाला आडवं जातंय, सायेब."

म्हणजे ठरलं होतं. आणि जे अनघाला हवं होतं, तेच होतं. वेशीवर रद्द म्हणायचं आणि आगटीवर वाट आणि गाळ मागायचा. सरकारला सांगितलं तर ही विनवणी होती. कंपनीला सांगितलं, तर त्यांच्या बोलण्यांची सुरुवातच इथून होणार. वाट देतो, गाळाचं नंतर बघू. मग वाटही अर्धी. गावाच्या हातात तो एक फलक होता, त्याच्या मागे काही नाही हे सांगणारा मी एकटा माणूस. तात्यांचं ते जुनं वावर आत्ता पाण्याखाली होतं, पण पुन्हा कधी पाऊस दगा देईल तेव्हा ते वर येईल, आणि तेव्हा त्यात पेरायला मिळेल का नाही, ते माझ्या एका फोनवर होतं.

तात्या बोलायचे राहिले होते. ते निघताना बोलतात. मी त्यांना बोलू दिलं नाही. म्हटलं, "तात्या, मी खरंच रिटायर झालोय. आता सरकारला काही कळवत नाही. ही प्लेटावाली कंपनी आहे ना, ती मला सल्ल्याचे पैसे देते. तुम्ही बोललेलं मी सांगितलं, तर तिकडं जाईल."

निवृत्ती हसले. "आमाला बी तसंच सांगायलाव व्हय, सायेब?"

तेव्हा मी तरटाला हात पुसले आणि फोन काढला. त्या आगटीवर मी कधी फोन काढला नव्हता. अनघानं फोनवरचं बोलणं पुन्हा लिहून पाठवलं होतं, तो निरोप उघडून मालनवहिनींच्या पुढे धरला. वहिनी चष्मा सरळ करून सावकाश वाचत होत्या. खाली कंपनीचं नाव होतं. काठावर मोजणीच्या खांबांना तेच नाव लावलेलं होतं, ते त्यांनी रोज पाण्याला जाताना वाचलेलं. त्यांनी फोन मला परत दिला आणि म्हणाल्या, "ह्येनी खरं बोलत्यात."

कुणाचे हात चालत नव्हते. निखाऱ्यातलं एक कणीस करपलं, ते निवृत्तींनी काढून बाजूला टाकलं. मला वाटलं आता कुणीतरी ओरडेल, निदान उठून जाईल. तसं काही झालं नाही. मालनवहिनींनी चांगलं कणीस निवडून माझ्यासाठी चोळलं आणि दाणे माझ्या हातात घातले. "घ्या की. ह्यो गोड हाय." निवृत्तींनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. सोलापुरात थंडी कशी आहे, घरच्यांची तब्येत कशी आहे, दही आंबट तर झालं नाही ना. किती बोललो आम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिथं पाहुणा होतो. मला हेच तर हवं होतं. नुसता हुरडा खायचा, कान बंद ठेवायचे. पण त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवलं होतं आणि पाहुणचार सुरू केला होता.

तात्या काठी टेकत गाडीपर्यंत आले. कणसांची पिशवी दर वर्षीसारखीच भरलेली होती. ती मागच्या सीटवर ठेवून ते दाराला धरून उभे राहिले.

"म्हंजी तुमी रिटायर झालाय."

"झालोय, तात्या."

"मंग आता वर कुनाला सांगायचं?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की. कलेक्टर कचेरीत जा. वाट आणि गाळ हवाय म्हणून स्पष्ट लिहून द्या."

"दिलं की. उपोषनाला बसलो. पेपरात फोटू आला. उगडं बोललेलं कोन ऐकतंय, सायेब? त्येंला वाटतंय आमी वाडवून सांगतोय." त्यांनी पाण्याकडे बघितलं. "तुमी चोरून ऐकून सांगत हुता, ते तेवडं खरं धरत हुते."

मग त्यांनी दार लावलं आणि काचेवर हलकेच थाप मारली.

टेंभुर्णीला गाडी थांबवून मी अनघाला फोन केला. म्हटलं, जाऊन आलो, कळवण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "काहीच नाही, सर?" मी म्हटलं, हुरडा चांगला आहे यंदा. आणि ह्या कामाला दुसरा माणूस बघ, असंही सांगितलं. ती बघेल. अशी माणसं पुष्कळ आहेत, माझ्याहून तरुण, आणि त्यांना आगटीला बसायचीही गरज पडत नाही म्हणे.

घरी मंगलनं पिशवी उघडली, कणसं हुंगली आणि गॅसवर तवा ठेवला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिनं मला कुठून आलात, काय ऐकलंत, असं कधी विचारलं नाही. मी सांगणार नाही हे तिला माहीत होतं. आज तवा तापेपर्यंत तिनं सहज विचारलं, "काय म्हणाले तात्या?"

आगटीवरचं बोलणं मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. वाट, गाळ, वहिनींचा चष्मा, सगळं. शेवटी म्हटलं, "विचारत होते, आता वर कुणाला सांगायचं."

ती कणीस हातात घेऊन थांबली. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्हीच सांगा, म्हणालो," मी म्हटलं आणि तिच्या हातातलं कणीस घेऊन तव्यावर ठेवलं.